ओपन-वर्ल्ड गेम बनवताना ग्राफिक्स आणि जगाची दाद यांचा मेळ कसा घालावा

ओपन-वर्ल्ड, म्हणजे खेळाडूला मोकळेपणी कुठेही फिरता येईल असा, गेम बनवायला घेतलेल्या छोट्या चमूपुढे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एक प्रश्न उभा राहतो. जग दिसायला किती देखणे करायचे, आणि खेळाडूने हात लावल्यावर त्या जगाने किती दाद द्यायची? दाद देणे म्हणजे काय, हे साध्या गोष्टींतून कळते: झाड तोडता येते का, वाळलेले गवत पेटते का, दार उघडते का, धक्का लागल्यावर गावकरी वळून पाहतो का, आणि आज झालेला बदल उद्या परत आल्यावर तसाच सापडतो का. हे लेखन दोन ते दहा माणसांच्या, तयार इंजिन (गेमचे चित्र, टकरी, आवाज सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्या आणि मध्यम दर्जाच्या संगणकावर चालेल असा गेम करू पाहणाऱ्या चमूसाठी आहे. माझे मत आधीच सांगतो. दाद आधी ठरवावी आणि ग्राफिक्स तिच्या मापाने चढवावेत, कारण टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र, शेवटच्या महिन्यातही बदलता येते, पण मुळात एकसंध शिळेसारखे घडवलेले जग शेवटच्या महिन्यात सुटे करता येत नाही.

भांडण नेमके कुठे आहे

ग्राफिक्स वाढले की जग निर्जीव होते, हे सर्रास ऐकू येणारे विधान अर्धेच खरे आहे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि ३० फ्रेमवर भागणार असेल तर ३३.३. तेवढ्या वेळात चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते, तर कोण कुठे चालला, काय कशावर आदळले, आग कुठवर पोचली याचा हिशेब मुख्यतः प्रोसेसर करतो. म्हणजे पुष्कळ वेळा दोघांची ताटे वेगळी असतात, आणि एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढता येत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ मध्ये शहरात शिरताच फ्रेम घसरू लागल्या, तेव्हा तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीनेच स्पष्ट केले की प्रत्येक पात्राच्या हालचालींचा आणि त्यांच्या परिणामांचा हिशेब करण्यात प्रोसेसरचा मोठा वाटा खर्ची पडतो. अशा ठिकाणी चित्राची स्पष्टता कमी करून फारसे काही हाती लागत नाही.

म्हणून कोणतीही काटछाट करण्याआधी मोजमाप करावे. गेम चालू ठेवून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, निम्मे करा. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा आहे, आणि जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर तो प्रोसेसरचा आहे. ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि ती न करता झाडांची पाने कमी करत बसलेले चमू मी पाहिले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्मृतीचा (मेमरीचा) हिशेबही असाच डोळे उघडणारा आहे. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले, तर न दाबता (कॉम्प्रेस न करता) ६४ मेगाबाइट जागा घेते, आणि प्रति पिक्सेल एक बाइट लागेल अशा नेहमीच्या पद्धतीने दाबले तरी १६ मेगाबाइट घेते. याउलट एखादी बादली कुठे पडली आहे, कोणत्या बाजूला कलली आहे, भरलेली आहे की रिकामी, हे लक्षात ठेवायला ३२ ते ४० बाइट पुरतात, म्हणजे अशा दहा हजार वस्तूंची नोंद अर्ध्या मेगाबाइटच्या आत बसते. जगाला स्मरण देणे जागेच्या दृष्टीने स्वस्त आहे. महाग पडतो तो त्या वस्तूंच्या हालचालींचा हिशेब, आणि त्याहून महाग पडतात ती गेममधल्या माणसांची दिवसरात्र चाललेली कामे.

खरा संघर्ष होतो तो वेगळ्याच जागी. आमच्या चौघांच्या चमूने एका काल्पनिक किनारी गावाचा छोटा गेम करायला घेतला होता, आणि त्यात शेताच्या कडेला गवताची एक गंजी होती. संध्याकाळच्या उन्हाचा प्रकाश आम्ही आधीच गणून जमिनीवर कायमचा बसवला होता, ज्याला या धंद्यात प्रकाश ‘बेक’ करणे म्हणतात. चित्र इतके सुरेख दिसत होते की पहिल्या दिवशी आम्ही नुसते बघत बसलो. मग पेटवण्याची सोय आली. गंजी चाळीस सेकंदांत जळून राख झाली, आणि तिची लांबलचक सावली मात्र शेतात तशीच पडून राहिली, कारण ती सावली नव्हतीच. ती जमिनीवर रंगवलेली होती. त्या एका सावलीने आम्हाला जे शिकवले ते असे, की आधी गणून ठेवलेले प्रत्येक सौंदर्य ‘ही वस्तू हलणार नाही’ या गृहीतावर उभे असते.

यावर उपाय आहे, पण तो आरंभीच करावा लागतो. जगातल्या वस्तूंचे दोन वर्ग पाडावेत. डोंगर, देवळाचा चौथरा, विहिरीचे बांधकाम, रस्ता अशा कधीच न बदलणाऱ्या गोष्टींचा प्रकाश खुशाल बेक करावा. जे जळू, मोडू, सरकू शकते त्याची सावली चालू गेममध्येच गणावी, आणि ती खेळाडूपासून तीस-चाळीस मीटरपर्यंतच काढावी. अनरिअल इंजिन ५ मधील ल्युमेनसारख्या प्रणाली प्रकाश जागच्या जागी गणतात, त्यामुळे हा पेच बराच सुटतो. मात्र त्यासाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड आपल्या खेळाडूकडे असेलच असे धरून चालू नये.

दुसरा संघर्ष वस्तू एकत्र सांधण्याचा. दोनशे दगडांची गडगी (रचलेल्या दगडांची भिंत) एकच आकृती म्हणून ठेवली तर ती काढण्यासाठी प्रोसेसर ग्राफिक्स कार्डाला एकच आदेश देतो. तेच दगड सुटे केले तर आदेशांची संख्या वाढते आणि प्रोसेसरचा वेळ त्यातच जातो. इन्स्टन्सिंगची सोय वापरून एकाच घडणीचे दगड एका आदेशात काढता येतात, पण मग दगडांच्या घडणी पाच-सहाच ठेवाव्या लागतात, आणि प्रत्येक दगड वेगळा दिसावा ही चित्रकाराची हौस सोडावी लागते. मधला मार्ग म्हणजे गडगी शाबूत असेपर्यंत एकसंध ठेवणे आणि आघात होताच तेवढाच भाग सुट्या दगडांनी बदलणे. आम्ही तोच निवडला.

आधी क्रियापदे लिहून काढा

कागद घ्या आणि खेळाडू या जगात काय काय करू शकतो याची क्रियापदे लिहा. पेटवणे, विझवणे, तोडणे, उचलणे, ढकलणे, भिजवणे अशी पाच-सहा पुरेत. त्यानंतर वस्तूंची यादी करू नका, पदार्थांची करा: लाकूड, वाळके गवत, ओले गवत, दगड, लोखंड, माती, कापड. कारण साधे आहे. तीनशे वस्तू आणि सहा क्रियापदे यांचे १,८०० प्रसंग होतात आणि ते एकेक करून लिहिणे छोट्या चमूच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण सात पदार्थ आणि सहा क्रियापदे यांचा तक्ता ४२ घरांचा असतो आणि एका आठवड्यात भरून होतो. नंतर आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूला केवळ ‘ही लाकडाची’ एवढे सांगितले की ती कशी जळेल, तरंगेल आणि मोडेल हे आपोआप ठरते.

या विचाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे मार्च २०१७ मध्ये आलेला निन्टेन्डोचा ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. त्याच वर्षी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याच्या निर्मात्यांनी ‘केमिस्ट्री इंजिन’ची कल्पना मांडली. तिचे नियम तीनच होते: आग, पाणी, वीज, वारा यांसारखी मूलतत्त्वे पदार्थाची अवस्था बदलू शकतात, मूलतत्त्वे एकमेकांचीही अवस्था बदलू शकतात, पदार्थ मात्र दुसऱ्या पदार्थाची अवस्था बदलू शकत नाहीत. एवढ्या भांडवलावर पावसात मशाल विझते, वादळात धातूचे शस्त्र वीज ओढून घेते, आणि पेटलेल्या गवतातून उठणाऱ्या गरम हवेच्या झोतावर खेळाडू कापडी छत्र पसरून वर चढतो. हे सगळे पारखण्यासाठी त्यांनी आधी जुन्या झेल्डासारखा सपाट, द्विमितीय नमुना तयार केला होता. ज्या जगाचे नियम चौकोनी ठिपक्यांतही मजा आणतात, त्या जगावर चित्र चढवणे हे पुढचे काम आहे, आणि माझ्या मते छोट्या चमूने हाच क्रम जसाच्या तसा उचलावा.

याच गेममधले झाड जवळून पाहण्याजोगे आहे. कुऱ्हाडीचे घाव घातले की झाड आडवे होते आणि त्याचा ओंडका उरतो. तो उतारावरून गडगडतो, पाण्यावर तरंगतो आणि दरीवर आडवा पडला तर पूल होतो. ओंडक्यावर पुन्हा घाव घातला की क्षणात सरपणाच्या मोळ्या होतात. खऱ्या झाडाच्या फांद्या, साल, चिरफळ्या यांतले काहीच दाखवलेले नाही. अवस्था तीनच आहेत, आणि प्रत्येक अवस्थेचा खेळाडूला उपयोग आहे. रंगवण्याची पद्धत चित्रकथेसारखी असल्यामुळे ओंडक्याच्या एकदम मोळ्या झाल्या तरी डोळ्याला खटकत नाही. हाच प्रकार हुबेहूब छायाचित्रासारख्या जंगलात घडला असता तर तो दोष वाटला असता. चित्रशैली निवडताना आपण दादेची किंमतही ठरवत असतो, ती अशी. चित्र जितके खऱ्याच्या जवळ, तितकी प्रत्येक प्रतिक्रियाही खऱ्याच्या जवळ लागते, आणि तिच्यासाठी लागणारे आवाज, तुकडे, धूळ, हालचाली हे सगळे कोणीतरी बसून करावे लागते.

हा गेम टीव्हीवर ९०० ओळींच्या रिझोल्यूशनला, सेकंदाला ३० फ्रेमच्या उद्दिष्टाने चालत असे. निन्टेन्डोच्या त्याच स्विच या खेळयंत्रावर, केवळ ४ गिगाबाइट स्मृतीत, २०२३ मध्ये त्याचा पुढचा भाग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ आला आणि त्यात खेळाडूला वस्तू एकमेकींना चिकटवून गाड्या, होड्या, विमाने बांधता येऊ लागली. ही निवड यंत्राच्या मर्यादेत राहून केलेली आहे, हे विसरू नये.

काय सोडायचे तेही लिहून ठेवा

२००९ मधील ‘रेड फॅक्शन: गरिला’ या मंगळावरच्या गेममध्ये इमारती खरोखर कोसळतात, कोणता खांब किती भार पेलतो याचा हिशेब चालू असतो आणि आधार तुटला की वरचा मजला खाली येतो. पण जमीन खणता येत नाही. याच मालिकेच्या २००१ मधील पहिल्या गेममध्ये खडकात बोगदे पाडता येत होते. ते इथे मुद्दाम सोडून दिले गेले. शिवाय उजाड मंगळ हे स्थळच असे आहे की झाडीवर खर्च फारसा होत नाही. एक गोष्ट पुरेपूर मिळावी म्हणून दुसरी निःसंकोच सोडण्याचे हे धैर्य मला फार मोलाचे वाटते.

उलट बाजूचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ मधले शहर विलक्षण देखणे होते, पण गुन्हा घडताच पोलीस खेळाडूच्या पाठीमागे अचानक उगवत, आणि एवढ्या एका गोष्टीने त्या शहरावरचा विश्वास उडे. सप्टेंबर २०२३ मधील २.० या सुधारणेत पोलिसांची व्यवस्था नव्याने घडवली गेली, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी. मोठ्या कंपनीला एवढा अवधी परवडतो. चार माणसांच्या चमूला तो मिळत नाही.

आमच्या गावातल्या एका गल्लीत चौदा घरे होती. उघडणाऱ्या एका दाराची किंमत आम्ही मांडून पाहिली: बिजागरीवरची हालचाल, दाराचा धक्का, आतली खोली आणि तिचे सामान, आतला प्रकाश, उघडण्या-मिटण्याचा आवाज, गावकऱ्यांना त्या दारातून ये-जा करता यावी यासाठी वाटांचे नव्याने आखणे, आणि दार उघडे होते की बंद याची नोंद. सगळे मिळून एका घराला सहा दिवस लागत होते. म्हणून तीनच घरे उघडी ठेवायची असे ठरले. प्रश्न उरला तो खेळाडूला हे कळावे कसे. उरलेल्या अकरा दारांवर आम्ही बाहेरून कडी आणि मोठे कुलूप दाखवले, आणि उघडणाऱ्या तिन्ही दारांच्या उंबऱ्यावर आतला उजेड पडू दिला. कुलूप दिसले की माणूस दार ढकलत नाही. जे दाद देणार नाही त्याने तसे आधीच सांगावे, आणि हे सांगण्याचे काम ग्राफिक्स फार चांगले करतात. इथे दोघांचे भांडण नसून मैत्री आहे.

अंतर, वेळ आणि स्मरण

जग मोठे असले तरी एका वेळी त्याचा छोटासा भागच जागा ठेवावा लागतो. एक हजार वस्तूंची प्रत्येकीशी टक्कर तपासायची म्हटली तर ४,९९,५०० जोड्या होतात, म्हणून इंजिने जगाचे चौकोन पाडून जवळच्याच जोड्या तपासतात आणि स्थिर झालेल्या वस्तूंना झोपवतात. आपले काम एवढेच की वस्तू खरोखर स्थिर होतील अशी मांडणी करावी. उतारावर किंचित घसरत राहणारे एक मडके कधीच झोपत नाही आणि शेजारच्यांनाही झोपू देत नाही.

दिसण्याचे अंतर आणि जगण्याचे अंतर वेगवेगळे ठेवावे. ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीत २०२१ मधील १.१८ पासून हे दोन पर्याय स्वतंत्र आहेत: दूरचे डोंगर दिसतात, पण तिथली पिके वाढत नाहीत आणि प्राणी हलत नाहीत. त्यात आणखी एक पायरी जोडता येते. खेळाडू दूर गेला तर शेताची घटना आणि तिची वेळ एवढेच लिहून ठेवावे, आणि तो परत आला की मधल्या काळात काय झाले असते ते एका झटक्यात गणावे. पेटलेली गंजी सोडून खेळाडू गावाला गेला तर आग तिथे क्षणाक्षणाला जळत ठेवण्याची गरज नाही. पाच मिनिटांनी परतल्यावर राख दिसली की पुरे. खेळाडूला जगाचा विश्वास वाटतो तो या राखेमुळे.

आगीसाठी जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला इंधन आणि ओल असे दोन आकडे द्यावेत. वाऱ्याच्या दिशेचा शेजारी लवकर पेटावा, विरुद्ध दिशेचा उशिरा. वाऱ्याबरोबर गवतातून पसरणारी आग २००८ मधील ‘फार क्राय २’ मध्ये त्या काळच्या यंत्रांवर चालत होती, तेव्हा आजच्या साध्या लॅपटॉपला ती जड जाऊ नये. आम्ही एक मीटरचे चौकोन घेतले आणि आगीचा हिशेब सेकंदाला चारच वेळा केला; ज्वाळांचे चित्र मात्र प्रत्येक फ्रेमला हलत राहिले, आणि हा फरक कोणालाही जाणवला नाही.

भौतिक हिशेब, म्हणजे वस्तू कशा पडतात आणि आदळतात याचे गणित, फ्रेमच्या गतीला बांधू नये, हे वेगळे सांगावे लागते. २०११ मधील ‘स्कायरिम’च्या मूळ आवृत्तीत सेकंदाला ६० हून पुष्कळ जास्त फ्रेम मिळू लागल्या की टेबलावरची भांडी आपोआप उडू लागत, कारण दोन्ही गती एकमेकींत गुंतलेल्या होत्या. युनिटीसारख्या इंजिनात भौतिक हिशेबाचा ठोका मुळातच ०.०२ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळांचा, ठेवलेला असतो. तो ठोका चित्राच्या गतीपासून सुटाच राहू द्यावा.

कामाचा क्रम

पहिले दोन महिने सगळे जग राखाडी ठोकळ्यांचे ठेवा. याच काळात क्रियापदांचा तक्ता पूर्ण करा आणि वेळेची वाटणी करा. आम्ही ३० फ्रेमचे उद्दिष्ट धरले आणि प्रोसेसरच्या ३३.३ मिलिसेकंदांपैकी १० चित्राचे आदेश देण्यासाठी, ७ गावकऱ्यांसाठी, ५ टकरींसाठी, २ आग-पाण्यासाठी आणि ४ आवाज व इतर कामांसाठी राखून उरलेले मोकळे सोडले. हे मोकळे सोडलेले मिलिसेकंद खर्च करण्याचा मोह टाळावा, कारण खेळाडू नेमका दहा गावकऱ्यांच्या मध्ये आग लावतो.

तिसऱ्या महिन्यात शंभर मीटरचा एकच तुकडा शेवटच्या दर्जाच्या ग्राफिक्ससह पूर्ण करा. त्या तुकड्यात सगळी क्रियापदे चालत असतील आणि फ्रेम टिकत असतील, तरच बाकीच्या जगाला रंग लावायला घ्या. टिकत नसतील तर आधी मोजा, मग सावल्यांचे अंतर, गवताची दाटी, गावकऱ्यांची संख्या या क्रमाने कमी करा. क्रियापद सगळ्यांत शेवटी काढा, आणि काढाल तर पूर्ण जगातून काढा. एका गावात पेटणारे गवत दुसऱ्या गावात पेटत नसेल, तर खेळाडू दोन्हीकडे पेटवणे सोडून देतो.

त्यानंतर हा तुकडा कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावा, आपण मागे वही घेऊन बसावे आणि एक शब्दही बोलू नये. त्याने ज्या ज्या गोष्टीला हात लावून पाहिला आणि उत्तर मिळाले नाही, ती प्रत्येक गोष्ट लिहावी. आमच्याकडे शेजारचा एक शाळकरी मुलगा बसला होता. त्याने गंजी पेटवली, आग गोठ्याकडे सरकू लागली तसा तो घाबरून विहिरीकडे धावला, आणि रहाटाला टांगलेली बादली उचलण्यासाठी त्याने सात वेळा बटण दाबले. बादली आमच्या चित्रकाराने शोभेसाठी टांगली होती. तिच्यावरचा गंज, दोराचे पीळ, सगळे अतिशय निगुतीने केलेले होते. त्या रात्री वहीत एकच ओळ होती: बादली काढा, नाहीतर हातात द्या. पाण्याने आग विझते हे घर तक्त्यात आधीच भरलेले होते, त्यामुळे बादली उचलणे, भरणे आणि ओतणे एवढेच करायचे राहिले, आणि ते दोन दिवसांत झाले.